सात मिनिटं

२० नोव्हेंबर १९७२, सोमवार

आज पुन्याचे सायब आले. जीपमधून. नवीन मानूस खोलीत आला की माझे पाय टेबलाखाली आपोआप हालायला लागतात, थांबतच न्हाईत. आजबी तसंच.

पंचिंगच्या खोलीत आमी दोघीच. मी कार्डाला भोकं पाडते - कुन्या सभासदाचा ऊस, कवा आला, किती टन. जरीना पडताळते. म्हंजे माझं पाडलेलं कार्ड तिच्या मशीनात जातं आन् ती तेच आकडे परत दाबते. जुळलं तर मशीन कार्डाच्या कडेला खाच पाडतं. न्हाई जुळलं तर लाल दिवा! मग ती वरडते, "राहेऽ! कुनाचा ऊस कुनाला दिलास गं?" सगळ्या हापिसाला ऐकू जातं. मला मेल्याहून मेल्यासारखं हुतं. पन चूक निघते.

पुन्याचे सायब म्हनाले, आठ वर्षांची सगळी कार्डं पुन्याला न्यायची, कॉम्प्युटरवरून टेपवर चढवायची. टेप म्हंजे गान्याच्या टेपसारखीच, फक्त रीळ ताटाएवढं. लई आकडे सांगितले. कार्ड वाचायचं मशीन मिनिटाला सहाशे कार्डं वाचतं, इंचात अमुक इतकं मावतं, असलं बरंच. आन् टेप सेकंदाला साठ हजार कॅरेक्टर घेते. कॅरेक्टर म्हंजे अक्षर. आकडाबी अक्षरच धरायचा.

साठ हजार! जरीनानं माझ्या कमरंला कोपर मारलं.

मग सायब आमच्याकडं वळून, "तुमचा स्पीड काय?"

म्हस्के सायब आमच्या खोलीचे मुख्य. ते म्हनाले, ही पोरगी तासाला नव्वद कार्डं काढती.

"कार्डं नको. सेकंदाला अक्षरं किती?"

म्हस्के सायब वर पंख्याकडं बघायला लागले. मला म्हाईत हुतं. एका कार्डात ऐंशी घरं, नव्वद गुनिले ऐंशी बहात्तरशे, तासाचे सेकंद छत्तीसशे. मी जरीनाच्या कानात सांगितलं. आमचं नेहमीचंच हाय. मला उत्तर येतं, तिला तोंड हाय. ती ताडकन उभी राहिली. "दोन, सायब!"

"दोन!" पुन्याचे सायब हसले. वाईट न्हाई हसले. म्हस्के सायब मातर उगीच लई येळ हसत राहिले.

२१ नोव्हेंबर

दोन अक्षरं सेकंदाला. डोक्यातून जाईना.

जेवताना जरीना म्हनाली, आपली नावं बघू. कार्डावर इंग्रजीच असतं सगळं. RAHI चार घरं, म्हंजे दोन सेकंद. ZARINA सहा घरं, तीन सेकंद. "बघ, मी तुझ्यापरीस एका सेकंदानं मोठी हाय. पाया पड."

"तू दोन वर्सांनी मोठी हायेस."

"मग दोनदा पड!"

टेपवर एका सेकंदात माझं नाव पंधरा हजारदा बसंल. एवढ्या वेळा मला जल्मात कुनी हाक मारली नसंल.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

आता सगळ्याचंच गनित करावं वाटतं. मामी साधं बोलताना सेकंदाला सात-आठ अक्षरं. भांडताना पंधरा. मामा रातपाळी करून आला की तासाला दोन अक्षरं - "हं".

आमच्या गावाहून, खर्ड्याहून, तुकाराम चुलता आलता. आई आन् दादा दोघंबी दुष्काळी कामावर खडी फोडत्यात. रस्त्याचं काम हाय. आईच्या हाताला फोड आलेत, ती चिंधी बांधून फोडती. हिरीला पानी न्हाई, गावाला टँकर येतो. चुलता म्हनाला, "तू हिकडं हायेस ते बरं हाय बाई. तुझ्या पैशावर घर चाललंय."

आठवीनंतर शाळा सुटली तवा लई रडले हुते. मामानं हिकडं साखर कारखान्यावर आनलं, वय वाढवून लिव्हलं, आन् जरीनानं मला मशीन शिकिवलं. कुठलं बोट कुठं, सगळं. ती माझ्याआधी तीन वर्सं हिथं हाय. तिचे अब्बा बाबाजान गव्हानीवर हुते, जिथनं ऊस आत चरकात जातो, तिथं त्यांचा उजवा हात सापडला. आता घरीच बसून असत्यात. तिच्याबी घरात तिचाच पगार.

जरीना कवा कवा म्हनते, "आपन दोघी दोन घरांचे बैल हाय गं."

२९ नोव्हेंबर

म्हस्के सायब सकाळीच आले. पुन्याचं मशीन तासावर भाड्यानं मिळतं. लई महाग. "तीन लाख कार्डं टेपवर चढवायला किती वेळ लागंल? चेअरमनला आज सांगायचंय. तुमी दोघी लई हुशार ना, काढा."

काढलं. मी तिकडं तोंड करून, जरीना हिकडं तोंड करून, एकमेकीचं बघायचं न्हाई. पडताळनी करावी तशी.

तीन लाख गुनिले ऐंशी - दोन कोटी चाळीस लाख अक्षरं. भागिले साठ हजार. चारशे सेकंद. सहा मिनिटं चाळीस सेकंद.

तिचंबी चारशे! "जुळलं! पाड खाच!" ती वरडली.

मग मला कसंतरीच वाटलं. म्हनलं जरीना, ही कार्डं कुनी कुनी केली असत्याल. आपल्याआधीच्या त्या बायकांनी, मग तू, मग मी. आठ वर्सं. आन् सात मिनिटं.

ती म्हनाली, "भाकरी थापायला किती वेळ लागतो आन् खायला किती? चल, सायबाला सांगू."

सायबाला तिनंच सांगितलं. मी तिच्या मागं उभी. "सात मिनिटं लागत्याल सायब!" म्हस्के सायब एकदम खूश. "सात? तरी आपन तासभर धरू. कपाटं उघडायला, चहापान्याला."

मला "शाब्बास" म्हनाले न्हाईत, जरीनाला म्हनाले. पन मला लई बरं वाटलं.

४ डिसेंबर

म्हस्के सायबांनी संचालक मंडळाच्या बैठकीत सांगितलं म्हनं - आठ वर्षांचा ऊस सात मिनिटांत! टाळ्या पडल्या. शिपाई छगनरावांनी येऊन सांगितलं. त्यांनीच चहा नेला हुता आत.

जरीना माझ्या कानात, "ह्या टाळ्या तुझ्या हायेत. घे, गपचिप घे."

९ डिसेंबर, शनिवार

कार्डं खोक्यात भरतोय. एका खोक्यात दोन हजार. धूळ लई. एका जुन्या कार्डावर कुनीतरी पेन्सिलीनं फूल काढलं हुतं, कोपऱ्यात, भोकं नव्हती तिथं. आधीच्या बाईनं असंल. जरीना म्हनाली, टाकून दे, वाचायचं मशीन गोंधळंल. मला टाकवंना. रबरानं खोडलं आन् ठिवलं. कार्ड जुन्या सभासदाचं हाय, त्याचा ऊस कशाला जाऊ द्यायचा.

दोन दिस खोकलाच चाललाय दोघींना.

१५ डिसेंबर

पहाटं ट्रक गेला. दीडशे खोकी. म्हस्के सायब आन् छगनराव बरोबर. पुढच्या काचंला हार घातला हुता!

जरीना म्हनाली, "आपल्याला नेलं असतं तर बिघडलं असतं का? कॉम्प्युटर बघितला असता." मी म्हनलं मला नको बाई, तिथं लई मानसं असत्याल. "तू बघितलं नसतंस, मी बघून तुला सांगितलं असतं."

कपाटं रिकामी. बोललं की आवाज घुमतो.

१६ डिसेंबर, शनिवार

वाईट झालं.

छगनराव दुपारी आले. तोंड एवढंसं. खोलीत येऊन दार लावलं.

"आवो पोरींनो, तिथं नुसतं गार. उन्हाळ्यात टरबूज ठिवावं असं गार. चपला काढायला लावल्या. देवळातबी आमच्या सायबानं चपला काढल्या नसत्याल एवढ्या लगबगीनं काढल्या! मग ते मशीन सुरू झालं. फर्रर्र, फर्रर्र. कार्डं वढून घेतंय. मला वाटलं झालंच आता. सात मिनिटं झाली. सायबानं घड्याळ बघितलं. खोकी बघतोय तर दोन संपली. दीडशातली दोन! सायब म्हनले, जरा जोरात चालवा. तिथला पोरगा म्हनला, काका, हे एवढंच चालतं. तास झाला, तो पोरगा म्हनला बास, आता बँकेचं काम हाय. अठरा खोकी झाली. बाकीचा ढीग जसाच्या तसा. परत ट्रकात. हार तसाच."

"सायब काय म्हनले?" जरीनानं इचारलं.

"येताना नगरला चहा घेतला आन् म्हनले, त्या बाबाजानच्या पोरीला बघतो."

१७ डिसेंबर, रविवार

कळलं मला. सकाळी नळावर उभी हुते तवा कळलं.

साठ हजार टेपचे. टेप कवाबी तयार. पन कार्ड वाचनारं मशीन मिनिटाला सहाशेच कार्डं वाचतंय. पुन्याचे सायब म्हनले हुते की! मी ऐकलंबी हुतं. पन एक आकडा सेकंदाचा आन् अक्षरांचा, दुसरा मिनिटाचा आन् कार्डांचा. दोन येगळ्या मापाचे. मी मोठा तेवढा उचलला. दोन्ही एका मापात आनून बघायचे हुते - सहाशे गुनिले ऐंशी भागिले साठ. आठशे. सेकंदाला नुसतीच आठशे अक्षरं! टेप त्याच्या पंच्याहत्तर पट, पन टेपचा उपेग काय. टँकर कितीबी मोठा असू दे, नळी बोटाएवढी आसंल तर हंडा त्या नळीनंच भरनार.

तीन लाख भागिले सहाशे. पाचशे मिनिटं. आठ तास वीस मिनिटं.

चूक माझी हाय. आन् जरीनानं पडताळलं, पन तिनंबी मी घेतला तोच आकडा घेतला. दोघी एकाच ठिकानी चुकलो तर लाल दिवा कसा लागनार?

उद्या मी सांगनार. मीच सांगनार. सोता.

१८ डिसेंबर, सोमवार

सांगितलं.

म्हस्के सायब आले ते दारातूनच वरडत. "अख्ख्या मंडळापुढं मी सात मिनिटं म्हनलो! चेअरमन मला इचारतोय, म्हस्के, सात मिनिटाची गोष्ट किती दिस चालनार? कोन म्हनलं हुतं सात मिनिटं? कोन?"

जरीना उभी राहिली. "मी म्हनले, सायब."

मीबी उठले. म्हनले, "गनित माझं हुतं."

"काय?"

"गनित माझं हुतं सायब. चूक माझी हाय. सहाशे कार्डांचा आकडा मी धरला न्हाई. बरोबर उत्तर आठ तास वीस मिनिटं हाय." एवढं मोठं मी हापिसात कवाच बोलले न्हाई. बाहेरच्या हापिसातले सगळे दारातून बघत हुते.

आन् सायब हसले! "तुला कवापासनं कंठ फुटला गं? वर्सभर तुझ्या तोंडातून व्हय निघालं न्हाई. हिनं पाठ करून घेतलंय का तुझ्याकडनं?" मग जरीनाला, "गरीब गायीला पुढं करतीस व्हय? लाज वाटत न्हाई?"

"सायब, ती खरं -" मी म्हनले.

"तू बस."

बसले. मी बसले! बस म्हनल्यावर बसले.

मला वाटलं जरीना आता वरडंल, दोन शब्द हानंल. तिनं नुसतं माझ्याकडं बघितलं आन् मान हालवली - राहू दे.

सायब म्हनले, "उद्यापासून येऊ नको. पडताळनी नसली तरी चालतंय आता, पुन्याचा कॉम्प्युटर सोता चुका काढतो." तिनं डबा घेतला, चपला घातल्या, गेली. जाताना मशीनवर कापड घातलं, रोज घालती तसं.

१९ डिसेंबर

शेजारचं मशीन झाकलेलं. खोलीत एकच आवाज, माझा.

२० डिसेंबर

मामाला म्हनलं, तुमी म्हस्के सायबांना सांगा ना. चूक माझी हाय, तुमचं ऐकत्याल.

मामा म्हनला, "तुझी नोकरी राहिली ह्यात देव मान."

मामी भाकरी थापत हुती. "आन् तुला काढलं तर? तुझ्या आईपुढं मी काय तोंड घिऊन उभी राहू? ती तिकडं खडी फोडती. तूबी फोड जा मग." मग भाकर तव्यावर टाकून, "पोरगी चांगली हुती पन ती. मला इदला शीरखुर्मा आनून दिलता."

"हुती" म्हनली. जरीना काय मेली हाय का?

२२ डिसेंबर, शुक्रवार

सुटल्यावर जरीनाच्या घरी गेले. गल्लीच्या तोंडाशी लई येळ उभी राहिले. मग गेले.

तिची आई इमामबी दारातच तांदूळ निवडत बसली हुती. वर बघितलं न्हाई. "आली का शहानी? ये. माझी पोरगी बोलकी म्हनून गेली. तुझं बरं हाय बेटी. तोंड न्हाई त्याला दोष न्हाई."

मी उभीच.

"अम्मी, गप ना!" जरीना आतून आली. हाताला फडकं बांधलेलं. तीबी आता खडीवर जाती, नाल्याच्या कामावर. मला आत वढलं, जिमिनीवर बसवलं. बाबाजान चाचा भिंतीला टेकून बसले हुते. डाव्या हातानं मला पानी दिलं. म्हनले, "बस बेटा".

जरीनाचं चालूच. "खडीवर बघ मजा हाय. मुकादम हाय एक, त्याला ब्रासचं गनित येत न्हाई. शंभर घनफूट म्हंजे एक ब्रास, एवढं सांगून सांगून दमले. म्हनला, तू लई बोलतीस. मी म्हनलं, व्हय, त्याच्यावरच नोकरी गेली माझी!" आन् हसली. मला हसता येईना.

मी म्हनलं, मी सांगितलं हुतं गं सायबांना.

"ऐकलं की मी. लई झ्याक बोललीस. आठ तास वीस मिनिटं! म्या म्हनलं, ही राही हाय का दुसरी कोन?"

निघताना इमामबी म्हनाली, "भाकर खाऊन जा." अजून रागात हुती. पन वाढली. मी खाल्ली. नसती खाल्ली तर तिला वाटलं असतं, हिला राग आला.

३० डिसेंबर

आज म्हस्के सायब एकटे हुते तवा गेले. दारात उभी राहून दोनदा माघारी आले, तिसऱ्यांदा आत गेले. म्हनलं, सायब, माझ्या जागी जरीनाला घ्या. मी जाते. मला मशीन तिनंच शिकिवलंय, तिला सगळं येतं.

सायब कागद वाचत हुते. वर न बघता म्हनले, "झालं? जा, काम कर."

एवढंच. माझं बोलनं संपायच्या आधी त्यांचं संपलं.

आज लई थंडी. आईचे फोड बरे झाले का कुनाला इचारू?

६ जानेवारी १९७३, शनिवार

आज कोल्हारच्या एका सभासदाचा ऊस मी दुसऱ्याच्या नावावर घातला. दोनशे बारा नंबर, मी दोनशे एकवीस दाबलं. असं किती झालं असंल अजून? कुनी वरडलं न्हाई. खाच न्हाई, दिवा न्हाई. मलाच गठ्ठा बांधताना दिसलं.

पयलं मी बिनघोर दाबायचे. मागं जरीना हाय, माझ्या बोटाच्या मागं तिचं बोट हाय, असं वाटायचं. आता एकेक आकडा तीनदा बघते. नव्वदची सत्तर कार्डं झाली. म्हस्के सायब म्हनले, "काय गं, मंदावली?"

सत्तर गुनिले ऐंशी भागिले छत्तीसशे. दीडाच्या वर जरासं. दोनसुदिक न्हाई आता मी.

१४ जानेवारी, रविवार. संक्रांत

सकाळी इमामबीच आमच्या दारात. मामी दचकली. इमामबी म्हनाली, "राही हाय का? पोरगी चाललीय. म्हनली, तिला सांग."

जरीना मालेगावला चालली. मावशीकडं. तिथं कापडाच्या मागावर काम हाय. खडीचं काम पंधरा दिस झाले बंद हाय, कवा सुरू व्हनार कुनाला म्हाईत न्हाई, आन् चाचांना औषिध लागतं.

तशीच पळत गेले. एस्टी थांब्यावर ती पत्र्याच्या पेटीवर बसली हुती. चाचा बाजूला उभे. मी तिळगूळ नेला हुता, मुठीत घामानं चिकट झाला. तिनं चाटून खाल्ला. "गोड बोल म्हनायचं असतं ना तुमच्यात? म्हन की."

मला म्हनवंना.

"बरं मी म्हनते. राहे, तू गोड बोल न्हाईतर कडू बोल, पन बोल."

मी म्हनलं, जरीना, माझ्यामुळं -

"ए!" तिनं माझ्या तोंडावर हात ठिवला. हात लई खरखरीत झालाय. मग म्हनली, "खरं सांगू? काढल्याचं मला एवढं न्हाई वाटत. पन मीबी ते गनित तपासलं. मला दिसलं न्हाई. चार वर्सं मी तेच काम केलं की, दुसऱ्याची चूक हुडकायची. आन् एवढी मोठी समोरून गेली. रातीला डोळ्यापुढं तेच येतं."

म्हंजे तीबी रोज तेच करती! मला वाटत हुतं मी एकटीच.

गाडी आली. चाचांनी डाव्या हातानं पेटी उचलायला घेतली, मी पलीकडून धरली. ती खिडकीत बसली. मला सगळं बोलायचं हुतं. गाडी हालली तवा मी वरडले, "जरीनाऽ, पोचलीस की सांग!" लई मोठ्यानं. थांब्यावरची सगळी मानसं वळून बघायला लागली.

तिनं कानावर हात ठिवून दावलं - ऐकू आलं, ऐकू आलं.

१५ जानेवारी

काई लिव्हावं वाटत न्हाई. चूक माझी आन् गाव तिचं सुटलं.

२२ जानेवारी, सोमवार

आज झाकलेलं मशीन उघडलं. पडताळनीला नवीन पोरगी. पुष्पावती. म्हस्के सायबांच्या मंडळींची धाकटी बहीन. गरीब हाय, माझ्यासारखीच लाजरी, तिचे पाय बघितले टेबलाखाली. सायब म्हनले, शिकव हिला. कुठलं बोट कुठं ते दावलं.

डबा खाताना ती हळूच म्हनाली, "दाजी दिवाळीला आमच्याकडं आलते ना, तवाच आईला म्हनले हुते. पडताळनीची जागा पुष्पीची. तिथं एक पोरगी हाय, तिला काढतो संक्रांतीपात्तूर."

दिवाळीला.

तवा पुन्याचे सायब आलेबी नव्हते. गनित केलंच नव्हतं कुनी.